फेत्तुंता प्रकल्प नोंदी: नवं तेल, शिळा पाव आणि निखारे

४ ऑक्टोबर

प्रकल्प ठरला. आम्ही राहतो ते गाव इटलीत, कियांतीच्या डोंगरात आहे, फ्लॉरेन्सपासून बसने तासाभरावर, आणि इथल्या वाचनालयात नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी नव्या ऑलिव्ह तेलाची संध्याकाळ असते. साठेक माणसं येतात. यंदा एक टेबल माझ्याकडे आलंय. भाजलेल्या पावावर लसूण घासून वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालतात तो पदार्थ, इथे टस्कनीत फेत्तुंता म्हणतात, रोमकडे आणि उंब्रियात ब्रुस्केत्ता, वर पीडमाँटमध्ये तोच प्रकार द्राक्षाच्या तोडणीच्या दिवसांत द्राक्षांबरोबर खातात आणि सोमा दाय म्हणतात. त्याचा इतिहास चार तक्त्यांवर मांडायचा आणि समोर निखाऱ्यावर करून गरम गरम खायला द्यायचा, एवढंच काम.

पहिला निर्णय आजच घेऊन टाकला, टेबलावर टोमॅटो नसणार. जगभर ब्रुस्केत्ता मागवलं की टोमॅटोच्या फोडींचा ढीग, तुळस आणि वरून बाल्सामिकची, म्हणजे काळपट गोड व्हिनेगरची नक्षी येते, पण हा पदार्थ जन्मला तेलाच्या गिरणीत, नोव्हेंबरच्या थंडीत, आणि तेव्हा शेतात टोमॅटो नसतो. माझं म्हणणं असं की फेत्तुंता म्हणजे नवं तेल चाखायची पद्धत. पाव, विस्तव, लसूण, मीठ हे सगळे त्या तेलाची सरबराई करायला आलेले आहेत. पुढचे सगळे निर्णय याच एका गोष्टीवर घासून घ्यायचे, पाव कुठला, किती भाजायचा, लसूण किती, सगळं.

८ ऑक्टोबर

पहिल्या तक्त्यासाठी वाचन. रोमन काळ.

कॅटो नावाचा रोमन सेनेटर, त्याने इ.स.पू. १६० च्या सुमारास शेती कशी करावी यावर लिहून ठेवलंय आणि ते आजही मिळतं. त्यात शेतावरच्या गुलामांना काय द्यायचं याचा हिशोब आहे: पाव, खाली गळून पडलेली ऑलिव्हं (ती पण जपून वापरा म्हणजे पुरतील), प्रत्येकी महिन्याला एक सेक्स्टारियस तेल म्हणजे साधारण अर्धा लिटर, आणि वर्षाचं मीठ. म्हणजे पाव, तेल, मीठ हे तिन्ही एकाच शेतावर, एकाच माणसाच्या हातात होते आणि चूल तर होतीच.

पण मला त्याच्या तेलाबद्दलच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. एक, तो म्हणतो ऑलिव्ह तोडली की ती जमिनीवर आणि कोठारात पडून राहू देऊ नका, लगेच तेल काढा. दुसरी, ऑलिव्ह जितकी कच्ची आणि तुरट तितकं तेल उत्तम. बावीसशे वर्षांपूर्वी! आज इथला गिरणीवाला अगदी हेच सांगतो. (कॅटो तेलाबरोबर निघणारं काळं पाणी पण फुकट घालवत नाही, खळं सारवायला वापरायला सांगतो म्हणजे मुंग्या होत नाहीत.)

मग रोम शहर. तिथे तेस्ताच्चो म्हणून एक टेकडी आहे, साधारण ३५ मीटर उंच, आणि ती अख्खी टेकडी तेलाच्या फुटक्या रांजणांची आहे, अंदाजे ५ कोटींच्या वर रांजण. त्यातले बहुतेक स्पेनच्या दक्षिणेकडून आलेले, काही उत्तर आफ्रिकेतून. एका रांजणात ७० लिटरच्या आसपास तेल, आणि तेल मुरलेला रांजण परत वापरता येत नसे म्हणून फोडून शिस्तीत रचून ठेवायचे. आता विचार केला तर शहरातला रोमन माणूस जे तेल खात होता ते जहाजातून, गोदामातून, कित्येक आठवड्यांनी त्याच्या ताटात येत होतं. ताजं, हिरवं, घशाला लागणारं तेल मिळायचं ते फक्त घाण्यापाशी, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या साबिनाच्या टेकड्यांत, उंब्रियात, एत्रुरियात (आजच्या टस्कनीकडे), जिथे झाडं होती तिथेच. म्हणून हा पदार्थ शहरातल्या स्वयंपाकघराचा नाहीच मुळी, घाण्याचा आहे. पहिल्या तक्त्याचा मजकूर इथेच सापडला.

चित्र म्हणून पाँपेईचा जळून कोळसा झालेला गोल पाव लावायचा, इ.स. ७९ चा, वर आठ तुकड्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

११ ऑक्टोबर

पाव. आज सकाळी बेकरीत बराच वेळ गेला.

टस्कनीच्या पावात मीठ नसतं, अजिबात. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हा पाव म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखा लागतो. का नसतं याच्या गोष्टी भरपूर आहेत. कोणी सांगतं की बाराव्या शतकात पिसावाल्यांनी फ्लॉरेन्सचं मीठ अडवलं, कोणी म्हणतं कर फार होता. उंब्रियात पेरूजाचे लोक १५४० सालचं बंड सांगतात, तिसऱ्या पॉल पोपने मिठावरचा कर वाढवला तेव्हा शहर उठलं, पोपने ते मोडून काढलं आणि छातीवर बसवल्यासारखा रोक्का पाओलिना किल्ला बांधला. बंड आणि किल्ला हा इतिहास आहे, पावातलं मीठ त्यामुळेच गेलं ही लोकांनी जोडलेली गोष्ट. पण मीठ महाग आणि सरकारी होतं हे तर खरंच, इटलीत मिठाची सरकारी मक्तेदारी पार १९७० च्या दशकापर्यंत होती आणि जुन्या दुकानांवर मीठ-तंबाखूच्या पाट्या अजून दिसतात. तक्त्यावर मी मक्तेदारी आणि पेरूजाचं बंड घेणार, पिसाची गोष्ट एका ओळीत.

मला स्वतःला पावाचं काम कसं चालतं ते जास्त आवडलं. बेकरीवाले काका सांगत होते की मीठ यीस्टला आवर घालतं आणि कणीक घट्ट धरून ठेवतं. मीठ नसलं की आंबवण भराभर पुढे जातं, कणीक ढिली पडते, कवच जरा फिकट येतं, म्हणून वेळेवर लक्ष ठेवावं लागतं. आणि मीठ ओलावा धरून ठेवतं, ते नसल्याने हा पाव चारपाच दिवसांत बुरशी न येता वाळून कडक होतो. त्या वाळक्या पावावरच इथलं अर्धं स्वयंपाकघर उभं आहे, पान्झानेला (कोशिंबीर), रिबोल्लिता (भाज्यांचं दाट सूप), पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटोचं दाट सूप) सगळं शिळ्या पावाचं. या पावाला २०१६ मध्ये युरोपचं डीओपी मानांकन (आपल्या जीआयसारखं, ठराविक भागाच्या पदार्थाला मिळणारं) मिळालं, आंबवण आईच्या विरजणाचं लागतं, म्हणजे जुन्या कणकेचा गोळा राखून ठेवतात तो.

फेत्तुंतासाठी हा पाव का बरोबर आहे ते आज चव घेऊन पटलं. खारट पावावर कडवट तेल घातलं की तोंडात दोघांची ओढाताण होते, आणि इथे पाव गप्प बसतो, तेल बोलतं, आणि मीठ वरून घालायचं म्हणजे ते पहिल्यांदा जिभेला लागतं.

काप दीड ते दोन सेंटिमीटर जाड. पाव आदल्या दिवशीचा. ताज्या पावाचा काप विस्तवावर चिकट होतो आणि तेल धरत नाही.

१६ ऑक्टोबर

शेजारच्या आजोबांकडे दुपार गेली. वय ऐंशीच्या पुढे, लहानपण सगळं मालकाच्या शेतावरच्या घरात गेलेलं. इथे शेकडो वर्षं मेझ्झाद्रिया पद्धत होती, म्हणजे अर्धेलीच म्हणा, जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुटुंबाचे, आणि पीक अर्धं अर्धं. गहू, द्राक्षं, तेल सगळं. १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद झाले तेव्हा ते तरुण होते.

मी विचारलं की तेव्हा फेत्तुंता रोज खायचात का, तर ते हसलेच. तेल मोजून वापरायचं असायचं, अर्धं मालकाच्या मडक्यांत जायचं आणि उरलेल्या अर्ध्यातलं पण काही विकावं लागायचं, कारण कापड, चपला, मीठ पैशानेच यायचं. घरी आई बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून थेंब थेंब सोडायची. पण गिरणीत वाटणी व्हायच्या आधी, तेल यंत्रातून बाहेर येताना, तिथल्या विस्तवावर पाव भाजून त्यावर हवं तेवढं ओतायला कोणी अडवायचं नाही. वर्षातून तेवढ्या एक-दोन रात्री. पाव घरून न्यायचा, आठवड्यातून एकदाच भट्टी पेटायची त्यामुळे तो शिळाच असायचा.

हे ऐकल्यावर दुसरा तक्ता माझ्या डोक्यात पूर्ण झाला. हा पदार्थ "गरिबांचं साधं खाणं" म्हणून सगळीकडे छापतात, पण गरिबांकडे पाव होता, लसूण होता, तेलाची चैन नव्हती. पाव तेलात न्हाऊन निघेल एवढं ओतणं हाच सण होता. आजोबांचे शब्द जसेच्या तसे लावायची परवानगी मागितली, त्यांनी दिली, नाव नको म्हणाले.

२० ऑक्टोबर

विस्तवाच्या चाचण्या. अंगणात, एकाच पावाचे काप, एकच तेल (गेल्या वर्षीचं, कारण नवं अजून यायचंय).

टोस्टरमध्ये काप सगळीकडून सारखाच वाळतो, आतला ओलावा पण जातो, त्यामुळे तेल आत शोषलं न जाता वर तरंगतं आणि मग खाली गळतं. तव्यावर जिथे टेकतो तिथेच भाजतो. ओव्हनच्या ग्रिलखाली बरा होतो, घरी करायचा असेल तर हाच सांगेन, दार उघडं ठेवून, वरच्या खणात, नजर न हटवता. निखाऱ्यांवर मात्र बाहेरून खरपूस, कडेला एखादा काळा डाग, आत अजून मऊ, आणि धुराचा वास. साधारण १४० अंशांच्या वर गेलं की पावातली साखर आणि प्रथिनं एकत्र येऊन तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास तयार होतो, आणि निखाऱ्याच्या धगीत तो थर आत ओलावा असतानाच पटकन बनतो, म्हणून वेग महत्त्वाचा.

लाकूड ओकचं किंवा ऑलिव्हच्या छाटणीचं. पाईन नको, राळेचा धूर पावात शिरतो. ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवायची, हात वीतभर उंचीवर तीन-चार आकडे मोजेपर्यंत ठेवता आला पाहिजे. दोन्ही बाजू भाजायच्या.

रोमजवळच्या जेन्झानोच्या पावाचा (१९९७ पासून आयजीपी, डीओपीसारखंच पण जरा सैल मानांकन) आणि आल्तामुराच्या पिवळ्या, ड्युरम गव्हाच्या पावाचा (२००३ मध्ये डीओपी मिळालेला) पण काप भाजून बघितला. आल्तामुराचा पाव इतका चविष्ट आहे की नुसताच खावा, कवच जाड, भाजल्यावर कडकडीत, तो दक्षिणेत टोमॅटोखाली उभा राहतो हे साहजिक आहे. पण आमच्या कामाला टस्कनीचाच.

२५ ऑक्टोबर

लसूण, थोडक्यात. न कापलेल्या पाकळीत वास नसतो, त्यातलं अलिइन आणि ते फोडणारं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, पाकळी चिरडली की दोघं भेटतात आणि अलिसिन बनतं, तोच तिखट वास. एन्झाइम उष्णतेने मरतं म्हणून लसूण आधी लावून भाजायचा नाही. भाजल्यावर लगेच, काप गरम असताना, सोललेली पाकळी खरखरीत पृष्ठभागावर घासायची, पावच किसणीचं काम करतो. हलक्या हाताने दोन फेऱ्या, एकाच बाजूला. यापेक्षा जास्त झालं की तेलाची चव मागे पडते. नोव्हेंबरपर्यंत साठवणीच्या लसणाला आत हिरवा कोंब आलेला असतो, तो कडू असतो, काढून टाकायचा.

३० ऑक्टोबर

ऑलिव्ह तोडणीला गेले, ओळखीच्या कुटुंबाच्या उतारावर. झाडाखाली जाळ्या पसरतात, मग फणीसारख्या हत्याराने फांद्या विंचरतात, उंच फांद्यांना बॅटरीवरचं हलवायचं यंत्र लावतात. संध्याकाळी मान आणि खांदे इतके दुखतात की जेवताना हात उचलवत नाही. फळ अर्धं हिरवं, अर्धं जांभळं होत आलेलं असताना तोडतात, पूर्ण काळं होऊ दिलं तर तेल जास्त मिळतं पण चव बसते. तेच, कॅटोचं.

जाती फ्रान्तोयो, मोरायोलो, लेच्चीनो आणि परागासाठी मध्ये मध्ये पेंदोलीनो. मोरायोलोचं तेल सगळ्यात कडक.

एक गोष्ट लक्षात आली ती तक्त्यावर घ्यायचीच. इथली बरीच झाडं एका खोडाची नाहीत, जमिनीतून तीन-चार खोडं एकत्र वर आलेली. विचारलं तर कळलं की १९८५ चा जानेवारी. त्या महिन्यात टस्कनीत पारा उणे २० च्या खाली गेला आणि लाखो ऑलिव्ह झाडं वरून मेली. खोडं फाटली, साल सुटली. वसंतात सगळी झाडं जमिनीलगत कापावी लागली. पण ऑलिव्हचं मूळ मरत नाही, बुंध्यातून नवे कोंब आले, त्यातले चांगले तीन-चार राखले, आणि आज आपण तेल खातो ते त्या कोंबांचं. कित्येकांनी तेव्हा ऑलिव्ह सोडून दिलं. ज्यांनी नाही सोडलं त्यांना बरीच वर्षं पुरेसं तेल मिळालं नाही, त्या वर्षांत नोव्हेंबरमध्ये गिरण्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्या घरच्या बाई सांगत होत्या आणि मी फणी हातात घेऊन नुसती उभी होते. दक्षिणेत सालेन्तोत २०१३ पासून झायलेला नावाच्या जिवाणूने काय केलंय ते तर अजून चालू आहे, शेकडो वर्षांची झाडं उभ्या उभ्या वाळली. एका फेत्तुंतामागे काय काय उभं असतं ते लोकांना कळावं असं फार वाटतं.

२ नोव्हेंबर

गिरणी! रात्री नऊची वेळ मिळाली होती, प्रत्यक्षात नंबर अकराला लागला. हंगामात गिरणी रात्रभर चालते कारण तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत दळायचं असतं, क्रेटमध्ये पडून राहिली की फळं तापतात, आंबतात आणि तो वास तेलात उतरतो.

क्रम लिहून ठेवते. आधी पंख्याने पानं उडवतात, मग धुणं, मग बियांसकट चुरा. पूर्वी गोल दगडी जाती असायची, आता स्टीलच्या बंद यंत्रात हातोडे असतात. फोटोला दगड छान दिसतो पण चवीला मी यंत्राच्याच बाजूने आहे, उघड्या दगडावर लगद्याला हवा लागते आणि फळाचा हिरवा वास उडून जातो. मग तो लगदा बंद टाकीत हळूहळू अर्धा-पाऊण तास घुसळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. तापमान २७ अंशांच्या खाली, तरच बाटलीवर थंड पद्धतीने काढलेलं असं लिहिता येतं. गरम केलं तर तेल जास्त निघतं हे गिरणीतल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तरी कोणी काट्याला हात लावत नाही. त्यानंतर गरगर फिरणाऱ्या यंत्रात चोथा, पाणी आणि तेल वेगळं होतं.

आणि मग नळी. नळीतून जे आलं त्याचा रंग मी शब्दात नीट सांगू शकत नाही, हिरवा पण गढूळ, जवळजवळ चमकणारा, कापलेल्या गवताचा आणि कच्च्या आर्टिचोकचा (इथली एक कडवट भाजी) वास. शंभर किलो फळाला इथे साधारण बारा ते पंधरा किलो तेल पडतं. लोक शांतपणे उभे असतात आणि आपलं तेल यायला लागलं की एकदम बोलायला लागतात. कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर गरम गूळ हातावर घेऊन चाखायला माणसं जमतात ना, अगदी तसंच वातावरण.

कोपऱ्यात शेकोटी होती, बाजूला पाव आणि सुरी, लसूण वाडग्यात. कोणी कोणाला विचारत नाही, आपापला काप भाजून घ्यायचा. गिरणीवाल्या काकांनी माझा काप नळीखाली धरला आणि पाव खालून ठिबकायला लागेपर्यंत काढलाच नाही. गेल्या वर्षीच्या तेलावर केलेल्या चाचण्यांशी याची तुलनाच होत नाही. आधी गोडसर हिरवं, मग जिभेच्या कडांना कडू, आणि गिळल्यावर घशात एकदम ठसका. भाजलेला पाव तो कडवटपणा धरून ठेवतो, मीठ त्याला गोलाई देतं, लसूण मागून येतो. चारही वस्तू का आहेत ते एका घासात समजलं. एक पण जास्तीची नाही आणि एक पण काढता येत नाही.

टेबलासाठी पाच लिटरचा डबा बाजूला काढून ठेवला.

५ नोव्हेंबर

ठसक्याबद्दल एक चौकट करायची आहे, कारण दरवर्षी कोणीतरी नवं तेल खाऊन म्हणतं की खराब झालंय, घशाला लागतं. उलट ती खूण चांगली आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले गॅरी बोशाँ सिसिलीत एका परिषदेत ताजं तेल चाखत होते आणि घशाच्या त्याच जागी तशीच चुरचुर जाणवली जी त्यांना प्रयोगशाळेत द्रवरूप आयबुप्रोफेन चाखताना जाणवायची. त्यावरून शोध घेऊन २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेलातला तो घटक दाखवला, त्याला नाव दिलं ओलिओकँथाल. तो सूज कमी करणाऱ्या औषधासारखंच काम करतो, पण तेलात त्याचं प्रमाण थोडं असतं, तेव्हा चौकटीत औषध वगैरे शब्द घालणार नाही. तेल चाखणारे अधिकृत परीक्षक सुद्धा तीनच चांगले गुण मोजतात, फळाचा वास, कडू आणि तिखट. निळ्या काचेच्या पेल्यात, २८ अंशांना कोमट करून, म्हणजे रंगावरून मत बनू नये.

पाव गरम असला की हेच होतं, तेल कोमट होतं आणि वास उठतो.

१० नोव्हेंबर

टोमॅटोचा तक्ता. टेबलावर नसला तरी लोक विचारणारच, त्यामुळे त्याला मान देऊनच लिहायचं.

टोमॅटो अमेरिकेतून आला. सिएनाचा मात्तिओली नावाचा वैद्य १५४४ मध्ये त्याचं वर्णन करतो, वांग्यासारखा तेलात तळून मीठ-मिरी घालून खातात म्हणतो. ३१ ऑक्टोबर १५४८ ला पिसामध्ये फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याच्या कारभाऱ्याकडे फ्लॉरेन्सजवळच्या तोर्रे देल गाल्लोच्या बागेतून टोमॅटोची टोपली आली, सुखरूप पोचली असं त्याने पत्रात कळवलं. म्हणजे टोपली टस्कनीतच आली होती, तरी त्याला सामान्य माणसाच्या ताटात यायला फार काळ लागला, नेपल्समध्ये अंतोनियो लातिनीच्या पाककृतींत टोमॅटोचा सॉस येतो तो थेट १६९० च्या दशकात. पावावर तेल ओतायची रीत तोपर्यंत कितीतरी जुनी झालेली होती.

दक्षिणेत, काम्पानियात आणि पुलियात, उन्हाळ्यात टोमॅटोचं ब्रुस्केत्ता करतात आणि ते उत्तमच लागतं. तिथे टोमॅटो उन्हात पिकलेला असतो, पाव ड्युरमचा असतो, पाणी सोसतो. करताना टोमॅटो फ्रीजमधला नको, बिया आणि पाणी काढून टाकायचं, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवायचा, तुळस हाताने तोडायची आणि पावावर अगदी वाढताना घालायचं. आधी करून ठेवलं की पाच मिनिटांत लगदा. बाल्सामिकचं माझं मत पक्कं आहे, तो मोदेनाचा जिन्नस, तिकडे चीजवर थेंबभर घेतात ते छान, चांगल्या तेलावर साखरेचा पाक ओतला की तेल कोणतं होतं हे कोणालाच कळत नाही.

इथे टस्कनीत नोव्हेंबरमध्ये वर घालायचं असेल तर कावोलो नेरो, तो काळपट हिरवा लांब पानांचा कोबी, पहिल्या थंडीनंतर गोड होतो. उकडायचा, भाजलेला काप क्षणभर त्याच पाण्यात बुडवायचा, वर पानं आणि तेल. नाहीतर पांढरे कान्नेल्लीनी घेवडे. हे दोन्ही मी चालवून घेईन कारण हंगामही एकच आणि दोन्ही तेलाला जागा देतात.

१४ नोव्हेंबर

ताईचा कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल. "अगं मला पण करायचंय, इथे काय वापरू ते सांग." तिला सांगितलं ते इथे पण टाकते.

लादी पाव नको, तो मऊ आणि गोडसर, तेल पडलं की बसतो. आता पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरातही सावरडो, म्हणजे जुन्या विरजणावर आंबवलेला पाव, करणारे लोक आहेत, त्यांच्याकडचा साधा मोठा पाव घ्यायचा, आदल्या दिवशीचा, त्यात मीठ असतं म्हणून वरून मीठ कमी. घरी कोळशाची शेगडी असेल तर सोनंच, कणीस भाजतेस तशी निखाऱ्यावर जाळी ठेव. गॅसच्या ज्वाळेवर थेट भाजू नको. लसूण आपला गावरान बारीक पाकळीचा फार जहाल असतो, एकच फेरी.

तेलावर मात्र नीट बोलले. दुकानात बाटली घेताना संपायची तारीख बघून उपयोग नाही, तोडणीचं साल लिहिलंय का बघ, शक्यतो गेल्याच हंगामाचं, गडद काचेतलं किंवा डब्यातलं, एक्स्ट्रा व्हर्जिनच (म्हणजे आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत आणि चाखणीत एकही दोष नाही). पोमेस (चोथ्यातून काढलेलं) किंवा लाइट लिहिलेलं अजिबात नको. वासाला खवट, जुन्या शेंगदाण्यांसारखं आलं तर परत कर. आणि छोटी बाटली घे, उघडल्यावर दोन-अडीच महिन्यांत संपव, शेगडीजवळ ठेवू नको. ती म्हणाली एवढं सगळं एका पावाच्या तुकड्यासाठी का, म्हटलं हो, तुकड्यात दुसरं काहीच नाही म्हणूनच.

२१ नोव्हेंबर

हिशोब. ६० माणसं, प्रत्येकी दोन काप, १२० काप. एक किलोच्या पावाचे साधारण पंधरा काप पडतात, म्हणजे आठ पाव, एक जादा धरून नऊ, शुक्रवारी सकाळी घेऊन कापडात गुंडाळून ठेवायचे. तेल कापामागे बारा मिलिलिटर, दीड लिटर लागेल, डब्यातून दोन काढून ठेवते. लसणाच्या सहा गड्ड्या. मीठ जाडसर समुद्राचं. चिमटे, दोन जाळ्या, ओकची लाकडं, पाण्याची बादली. तक्ते छापून आले, आजोबांचं म्हणणं मोठ्या अक्षरात घेतलंय, वाचायला वाकावं लागू नये.

स्पेल्लोला, उंब्रियात, याच सुमारास ऑलिव्हचा सण आणि ब्रुस्केत्ताची जत्रा भरते, तिकडे यंदा जाणं होत नाही, पुढच्या वर्षी नक्की.

२९ नोव्हेंबर

झालं. थंडी कडक होती त्यामुळे सगळे विस्तवाभोवतीच गोळा झाले. तक्ते आधी वाचतील मग खातील असं ठरवलं होतं, उलटं झालं, हातात काप घेऊन वाचत होते आणि तेच बरोबर वाटलं. तेलाचे डाग पडले तक्त्यांवर, पडू देत.

एक क्रम मध्येच बदलला. सुरुवातीला मी भाजून, लसूण लावून, तेल घालून देत होते. मग जाळी आणि बाटली लोकांच्याच हातात दिली, गिरणीत देतात तसं, आणि गर्दी एकदम मोकळी झाली. लहान मुलं लसूण घासायला रांग लावून उभी. दोन-तीन जणांनी टोमॅटोचं विचारलं, तक्त्यापाशी नेऊन १५४८ ची टोपली दाखवली. एक बाई साबिनाच्या होत्या, रोमच्या उत्तरेच्या, त्या म्हणाल्या आमच्याकडे लसूण याहून जास्त घासतात आणि काप याहून पातळ, आणि त्यांनी स्वतः करून दाखवला. खाल्ला, लसूण मला जास्तच वाटला, पण कार्बोन्चेल्ला जातीच्या त्यांच्या तेलाचं वर्णन ऐकून ते मागवायचं ठरवलंय. आजोबा आले, आपलं वाक्य वाचलं, आणि मग तेलाची बाटली उलटी करून हिशोबाच्या तिप्पट तेल ओतून घेतलं.

एक पाव उरलाय, उद्या रिबोल्लिता. तेलाचा डबा खाली अंधाऱ्या खोलीत १५ अंशांच्या आसपास ठेवलाय, गाळ बसला की जानेवारीत वरचं निवळ तेल दुसऱ्या डब्यात काढायचं, तो गाळ तळाशी राहिला तर आंबून सगळ्या तेलाला वास लावतो. फेब्रुवारीत हेच तेल, हाच पाव, हीच जाळी, पुन्हा करून बघायचं आणि कडवटपणा किती उतरला ते लिहायचं. साबिनाच्या बाईंचा फोन नंबर वहीत घेतलाय.